पुण्याची गोखले संस्था: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यावल तालुक्यातला. अर्थशास्त्र शिकवण्यात नोकरी संपली आणि आता गावातल्या अभ्यासिकेत पोरांच्या शंका ऐकत बसतो. जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं पुण्याच्या गोखले संस्थेबद्दल फिरून फिरून तेच विचारतात. कोणाला तिथे शिकायचं असतं, कोणाला स्पर्धा परीक्षेत ‘गाडगीळ सूत्र’ आलेलं असतं, आणि कोणाच्या बापाचा पीकविमा अडकलेला असतो. एकदाच सगळं लिहून ठेवतो.

नेमकी कोणती गोखले संस्था? नाशिकची का?

नाही. नाशिकला ज्यांची कॉलेजं आहेत ती गोखले एज्युकेशन सोसायटी. ती १९१८ सालची आणि पूर्ण वेगळी. आपण बोलतोय ती पुण्याची ‘गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था’, डेक्कन जिमखान्याच्या बाजूची. दोन्हींना नाव एकाच माणसाचं, नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, म्हणून हा घोळ होतो. एका मुलाने तर नाशिकच्या ऑफिसात फोन करून पुण्याच्या प्रवेशाची तारीख विचारली होती.

संस्था कधी निघाली आणि पैसा कोणाचा?

६ जून १९३० रोजी. पैसा साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांचा. त्यांनी देणगी दिली ती सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला, म्हणजे मराठीत भारत सेवक समाजाला. गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापलेला समाज तो हाच. आजही मातृसंस्था तीच आहे. (१९५२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने याच नावाची आणखी एक संघटना निघाली. जुन्या कागदांत ‘भारत सेवक समाज’ दिसला की आधी साल पाहा.)

१९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचं साल. बाहेर लोक तुरुंगात जात होते, आणि इकडे एक वकिली वळणाचा रावबहादूर अर्थशास्त्राच्या संशोधनाला पैसे देत होता. त्या काळच्या जहालांना हे फारच मवाळ वाटलं असणार. पण कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर १९३१ मध्ये निघाली, आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १९४९ साली. यावरून काळ्यांची दूरदृष्टी मोजा.

गोखल्यांनी संस्था काढली नाही, ते तर १९१५ सालीच गेले. मग त्यांचं नाव का?

काम त्यांच्याच वळणाचं होतं म्हणून. गोखले कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले की हातात आकडे असायचे: मिठावरचा कर किती, लष्कराचा खर्च किती, शाळांवर किती. १९०२ च्या त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणाची ख्याती त्या आकड्यांमुळेच झाली. हे आकडे जुळवायला मदत करायचे गणेश व्यंकटेश जोशी, आणि दोघांनाही वळण लावलं न्यायमूर्ती रानड्यांनी.

आता इथे आपलं धुळं येतं. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरलं होतं, पुण्यात वाडे जळाले होते आणि रानड्यांवर संशय होता. त्यांची नाशिकहून तातडीने धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची टपाल सरकार फोडून वाचत असे. न्यायाधीशाची टपाल! धुळ्यात हे किती जणांना ठाऊक आहे, मला शंका आहे.

रानड्यांनी सार्वजनिक सभेतर्फे दुष्काळी भागात माणसं पाठवली, काय पाहिलं ते लिहून आणायला लावलं आणि १८७८ पासून सभेच्या त्रैमासिकात छापलं. आधी जाऊन बघा, मोजा, मग सरकारला सांगा, ही रीत तिथून सुरू झाली. गोखले संस्था त्याच रीतीचं पक्कं बांधकाम आहे.

गाडगीळ म्हणजे कोणते गाडगीळ?

परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव रामचंद्र गाडगीळ. जन्म नाशिकचा, १० एप्रिल १९०१. शिक्षण नागपूर आणि केंब्रिज. केंब्रिजच्या प्रबंधातून भारताच्या औद्योगिक विकासावरचं त्यांचं पुस्तक निघालं. मग पाच वर्षं सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य, आणि १९३० ते १९६६ अशी छत्तीस वर्षं गोखले संस्थेत. त्यानंतर थोडा काळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून १९७१ पर्यंत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. मृत्यू ३ मे १९७१.

काकासाहेब गाडगीळ हे काँग्रेसचे मंत्री, ते वेगळे. गंगाधर गाडगीळ हे कथाकार, तेही अर्थशास्त्राचेच प्राध्यापक होते म्हणून जास्त गोंधळ. आणि पश्चिम घाटाच्या अहवालाचे माधव गाडगीळ हे मात्र धनंजयरावांचे चिरंजीव.

सुरुवातीच्या काळात संस्था करायची तरी काय?

मोजायची. मला विचाराल तर संस्थेचा खरा इतिहास हाच आहे, बाकी सगळं याच्यातून फुटलेल्या फांद्या.

पहिल्या काही वर्षांतले विषय बघा. पुण्यात फळं येतात कुठून आणि विकली कशी जातात, याची पाहणी १९३३ साली छापली. १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची, म्हणजे सर्व्हिस गाड्यांची पाहणी. १९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च. पुणे शहरात घरोघर जाऊन केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत आली, १९४५ आणि १९५२ साली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याचं नेमकं काय भलं झालं, त्याचा अहवाल १९४८ चा. कूळकायदा कागदावर आणि गावात, यातला फरक दाखवणारा दांडेकर आणि खुदनपूर यांचा अहवाल १९५७ चा.

फळबाजार, एसटीच्या आधीच्या खासगी मोटारी, पाटाचं पाणी. आज ‘सार्वजनिक धोरण’ असा जड शब्द वापरतात, तेव्हा हे असं होतं.

हे काम सोपं नसतं. मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घेऊन तापीकाठच्या एका गावात कुटुंब पाहणीला गेलो होतो. छापील पत्रिकेत रकाना होता, ‘मासिक उत्पन्न’. एका बाईला पोरीने प्रश्न विचारला. बाई ओट्यावर कळणा पाखडत होती. म्हणाली, “महिन्याचं कुठून सांगू माय? बाग कापला का पैसा येतो. मृगबाग गेला तर कांदेबागाची वाट बघायची.” (केळीच्या लागवडीचे हे दोन हंगाम.) शेजारचा माणूस सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर. त्याचं वर्ष आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत. वर्षाचा आकडा आणि वर धान्य, कपडे. त्यातली अर्धी रक्कम उचल म्हणून आधीच घेतलेली. त्याला ‘मासिक’ म्हणजे काय लिहिणार? पोरीने रकाना कोरा ठेवला. मी तिला त्याबद्दल शाबासकी दिली, कारण बाकीच्यांनी बाराने भागून काहीतरी ठोकून दिलं होतं.

प्रश्न कसा विचारायचा, यावर गोखले संस्थेने देशपातळीवर काम केलं आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी १९५०-५१ ची. तिच्यात काही गावांसाठी पुण्यात तयार केलेल्या प्रश्नपत्रिका वापरल्या, आणि त्यांचा अहवाल वि. म. दांडेकरांनी लिहिला. आकडे दिल्लीत छापले जातात, पण रकाने कोणीतरी आखावे लागतात.

खान्देशच्या शेतकऱ्याला गाडगिळांचा काही उपयोग झाला का?

झाला, पण नाव न कळता झाला.

१९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली. अध्यक्ष ए. डी. गोरवाला, आणि समितीत गाडगीळ. ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं. निष्कर्ष असा की शेतकरी जे कर्ज काढतो त्यातलं जेमतेम ३.१ टक्के सहकारी संस्थांकडून मिळतं आणि सुमारे ७० टक्के सावकाराकडून. खान्देशातल्या म्हाताऱ्यांना हे सांगायला पाहणी लागत नव्हती. पण आकडा छापून आला आणि सरकारला हलावं लागलं. इम्पीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या शिफारशीवरून. १९६९ साली गाडगिळांच्याच अभ्यासगटाने म्हटलं की बँकांनी जिल्हा धरून काम करावं. त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. प्रत्येक जिल्ह्याला एक ‘लीड बँक’ असते, तिची मुळं इथे आहेत.

शिवाय लोणीचा प्रवरा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि गाडगिळांचा हिशोब. कारखान्याचं पहिलं अध्यक्षपदही गाडगिळांकडे होतं. पुढे आपल्याकडे फैजपूर, चाळीसगाव, शहादा इथे जे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांचा साचा लोणीचा. त्यांतल्या काहींचं पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत. साच्याचा दोष किती आणि ओतणाऱ्याचा किती, हा वेगळा प्रबंधाचा विषय आहे आणि तो कोणीतरी खान्देशातच लिहायला हवा.

डॉ. आंबेडकर गोखले संस्थेत आले होते हे खरं का?

खरं. काळ्यांच्या स्मरणार्थ संस्था दरवर्षी व्याख्यान ठेवते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये ते बाबासाहेबांनी दिलं. विषय १९३५ च्या कायद्यातलं संघराज्य. संस्थानिकांना सोबत घेऊन होणारं असलं संघराज्य स्वातंत्र्याच्या आड येईल, अशी त्यांची मांडणी. भाषण पुस्तकरूपाने छापलेलं आहे. मवाळांच्या नावाच्या संस्थेत इतकं धारदार बोलायला जागा होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दारिद्र्यरेषा पुण्यात ठरली म्हणतात. कशी?

गाडगिळांनंतर संचालक झाले वि. म. दांडेकर. मूळचे संख्याशास्त्रज्ञ, जीभ तिखट. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. दारिद्र्यावर आधीही बोललं जायचं. १९६२ साली एका सरकारी गटाने माणशी महिना वीस रुपये असा आकडा काढलाही होता. दांडेकर आणि रथ यांनी वेगळी सुरुवात केली: माणसाला रोज २२५० उष्मांक मिळायला हवेत, तर ज्या कुटुंबांना तेवढे मिळतात ती सगळं धरून किती खर्च करतात? नमुना पाहणीच्या आकड्यांत तो खर्च शोधला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना साधारण १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. मग त्या रेषेखाली किती लोक? खेड्यातले सुमारे ४० टक्के, शहरातले सुमारे ५० टक्के.

याच्यावर रान उठलं. पां. वा. सुखात्मे यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ संख्याशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की प्रत्येक शरीराची गरज सारखी नसते, एकाच माणसाची रोज सारखी नसते, मग सरासरीवर रेघ ओढून खालचे सगळे उपाशी कसे म्हणता? वाद पुण्यातच रंगला आणि तो अजून मिटलेला नाही. पुढे अलघ, लकडावाला, तेंडुलकर अशा समित्या आल्या, रेघ सरकत गेली.

दांडेकर आणि रथ नुसती रेघ ओढून थांबले नाहीत. जमीनवाटप करून सगळ्यांचं पोट भरणार नाही, जमीनच तेवढी नाही, तेव्हा सरकारने मोठ्या प्रमाणावर कामं काढून मजुरी द्यावी, असं त्यांनी हिशोबाने मांडलं. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकारातली रोजगार हमी वाढली. १९७७ साली तिचा कायदा झाला. माझ्या आईने दुष्काळात खडी फोडली आहे. कोणी पुण्यात हिशोब मांडला होता हे तिच्या कानावर कधीच गेलं नाही, आणि गेलं असतं तरी तिने आधी हप्त्याचा पगार कधी होणार ते विचारलं असतं.

नंदुरबारच्या मुलांसाठी एक गोष्ट. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत दिवाळीनंतर पाहणीला गेलात तर घरांना कुलपं दिसतील. माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. नमुन्यात निवडलेलं घर बंद असलं की शेजारचं घेतात. म्हणजे सर्वांत गरीब कुटुंब मोजणीतून आपोआप गळतं. २०१८ पासून नंदुरबार देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, तिथे ही गळती लहान गोष्ट नाही.

पीकविम्याचा आणि गोखले संस्थेचा काय संबंध?

हा प्रश्न रावेर, यावल, चोपड्याचा. आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा चिडलेला असतो.

भारतात १९७२ पासून पीकविम्याचे प्रयोग सुरू होते, एकेका शेतकऱ्याचं नुकसान पाहून भरपाई द्यायची. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. असा धंदा कोण करणार? दांडेकरांनी मांडलं की एकेक शेत तपासणं परवडणारं नाही, शिवाय ज्याच्या शेताला धोका जास्त तोच विमा काढतो. म्हणून सारख्या हवापाण्याचा एक भाग धरा, त्या भागाचं सरासरी उत्पादन पीककापणी प्रयोगांनी काढा, आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. १९७९ पासून याचा प्रायोगिक अवतार, १९८५ ला सर्वंकष पीकविमा योजना, आणि २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेतही भागाचं तत्त्व तेच. दांडेकरांना भारतीय पीकविम्याचे जनक म्हणतात ते यासाठी.

आता केळीकडे या. केळीला हवामानावर आधारित विमा. इथे उत्पादनही मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने थंडी, ऊन किंवा वाऱ्याचा ठरलेला आकडा नोंदवला तर भरपाई. दांडेकरांचाच विचार एक पाऊल पुढे नेलेला: शेतात जायचंच नाही.

मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात आमच्या नाल्याच्या अलीकडची बाग आडवी झाली. घड भरलेले, कापणी पंधरा दिवसांवर. खोडं अशी एका अंगाला निजली होती की वाटावं कोणी माणसांची रांग झोपवली आहे. नाल्यापलीकडे पान फाटलेलं नव्हतं. हवामान केंद्र सात-आठ किलोमीटरवर, तिथे वारा ठरलेल्या वेगापेक्षा कमी. चुलतभाऊ मला म्हणाला, “तू अर्थशास्त्राचा मास्तर ना, सांग मग.” मी काय सांगणार? पुस्तकात याला भागाची जोखीम आणि शेताची जोखीम यांतली तफावत म्हणतात. दांडेकरांना ती माहीत होती. भाग जितका लहान तितका विमा खरा, असं तर्कशास्त्रच आहे. भाग केवढा ठेवायचा हे मात्र खर्च करणारा ठरवतो.

गाडगीळ सूत्र दोन ओळींत सांगा.

केंद्राने राज्यांच्या योजनांना पैसा कसा वाटायचा याचं चौथ्या योजनेसाठी, १९६९ साली ठरलेलं सूत्र. आधी आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांची सोय. उरलेल्यात ६० टक्के लोकसंख्येवर, आणि प्रत्येकी १० टक्के कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. तिसरी ओळ झाली, माफ करा.

अनुशेषाच्या वादात दांडेकर समिती येते. त्यात खान्देश कुठे?

हा माझा दुखरा विषय, तेव्हा लांबण लागेल.

१९५३ च्या नागपूर करारात राज्याचे तीन घटक धरले: महाविदर्भ, मराठवाडा आणि उरलेलं राज्य. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्येही तेच तीन आले: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कामात धनंजयराव गाडगीळ स्वतः होते. भाषेच्या राज्यासाठी आर्थिक बाजू मांडणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे होतं.

१९८३ साली सरकारने विभागीय असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली, अध्यक्ष वि. म. दांडेकर. १९८४ मध्ये अहवाल आला. पद्धत पुन्हा गोखले संस्थेचीच. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, आरोग्य, पिण्याचं पाणी अशी क्षेत्रं घ्यायची. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीखाली त्याला सरासरीवर आणायला किती रुपये लागतील, तो त्याचा अनुशेष. एकूण निघाला ३,१८६.७८ कोटी: विदर्भ ३९.१२ टक्के, मराठवाडा २३.५६ आणि उर्वरित महाराष्ट्र ३७.३२.

समितीने जिल्हावार मोजलं, हे तिचं श्रेय. पण वर्तमानपत्रात, विधानसभेत आणि लोकांच्या डोक्यात राहिले ते तीन विभाग. धुळे आणि जळगाव बसले मुंबई-पुण्याच्या गाठोड्यात. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हाही उर्वरित महाराष्ट्राचं एकच मंडळ. वर्गात हे शिकवताना धडगावकडून आलेला एक मुलगा मागच्या बाकावरून अहिराणीत म्हणाला, “मंग आपला खान्देश कोठे शे, सर?” फळ्यावर मी तीन खाने आखले होते. चौथा आखायला जागा होती, पण त्याला घटनेत कलम नव्हतं.

विदर्भाने आणि मराठवाड्याने आपला आकडा भांडून मिळवला, याबद्दल मला तक्रार नाही. पण सरासरीचा खेळ समजून घ्या. अक्राणीचा पाडा आणि पुण्याचं कोथरूड एका विभागात टाकलं की सरासरी कोणाच्याही घरासारखी दिसत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, तेव्हा कुठे तिथले आकडे धुळ्याच्या सावलीतून बाहेर पडले. त्याआधी कुपोषण म्हटलं की मेळघाट एवढंच राज्याला ठाऊक होतं.

ही संस्था सरकारी आहे का? विद्यापीठ कधी झाली?

सरकारी नाही, सोसायटी म्हणून नोंदलेली न्यास-संस्था आहे. १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःची पदवी स्वतः देते. केंद्राच्या कृषी खात्याच्या मदतीने चालणारं कृषी-अर्थशास्त्र संशोधन केंद्र तिथे १९५४ पासून आहे, लोकसंख्या संशोधन केंद्रही आहे. ‘अर्थविज्ञान’ हे संशोधनपत्र १९५९ पासून.

खान्देशात अशी संस्था का निघाली नाही?

निघाली होती, विषय वेगळा होता. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गोखले संस्थेच्या चौदा वर्षं आधी, तालुक्याच्या गावी! कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालहून येऊन १९३३ ते १९३५ तिथे संचालक होता. इथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक जगभर जायचं. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि त्यांच्या दप्तरासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ते आजही आहे.

म्हणजे दाते होते, विद्वान येत होते. वेदान्ताला आणि इतिहासाला पैसा मिळाला, कपाशीच्या भावाला मिळाला नाही. त्यात विद्यापीठ उशिरा आलं. आपली कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला, १९४९ नंतर पुण्याला जोडलेली. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चं; २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. साठ वर्षांचं अंतर एका पिढीत भरून निघत नाही. पांझरेवरची फड पद्धत घ्या: शेकडो वर्षं गावाने पाणी वाटून घेतलं, त्याचे नियम पाळले. प्रवरेच्या कालव्याचा हिशोब १९४८ ला छापून आला. फडाचा तसा रुपया-आण्यात हिशोब मांडणारं कोणी तेव्हा धुळ्यात बसलेलं नव्हतं.

पुण्याला न जाता तिथली जुनी पुस्तकं वाचता येतात का?

बरीचशी. धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय हे मूळचं भारत सेवक समाजाचं, १९०५ पासूनचं. त्यातली हक्क संपलेली जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून संस्थेने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. मोबाइलवर वाचताना डोळे दुखतात, तालुक्याच्या ठिकाणी छापून घ्या.

मला तिथे शिकायचं आहे. इंग्रजी कच्चं आहे, गणित बरं आहे. तयारी काय करू?

गणित पक्कं ठेवा, तिथे अर्थशास्त्र म्हणजे निम्मं गणित आणि संख्याशास्त्रच. इंग्रजीला घाबरू नका, पहिलं सत्र जड जातं, मग जमतं. शेवभाजीची आठवण येते, तिला इलाज नाही. प्रवेशाच्या तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात, ते संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा, माझ्यासारख्या निवृत्त माणसाला विचारू नका.

आणि जाण्याआधी एक काम करा. आपल्या गावातली वीस घरं घ्या, ओळीने, मनाने निवडून नाही. खाणारी तोंडं किती, जमीन किती बिघे, कर्ज कोणाचं, विमा मिळाला का, एवढे चारच प्रश्न. वहीत हाताने लिहा, उत्तर आलं नाही तर रकाना कोरा सोडा. ऐन आखाजीला जाऊ नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके चालू असतात, बाप्ये पत्त्यांवर बसलेले असतात, कोणी दाद देणार नाही. आठवडाभर आधी जा. तेव्हा सालदाराचा नवा आकडा ठरत असतो, आणि तो ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला जातो.